खरवडीचा रंग

१

आमच्या मंडळाचं नाव ‘तिरपी नजर’. हे नाव अजमतने ठेवलं होतं आणि त्याने एकदा ठरवलं की आमचं काही चालत नसे. मंडळ तिघांचंच. मी बेबीनंदा, बदनापूरच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. नावाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, वडिलांनी हौसेनं ठेवलंय. दुसरा पुखराज. त्याचं जालन्यात बियाण्यांचं दुकान आहे, पण गल्ल्यापेक्षा रंगांपाशीच तो जास्त सापडतो. तिसरा अजमत, शहागडला हायवेवर ट्रक रंगवणारा.

जगात नाही ते काढायचं, एवढाच आमचा नियम. पुखराजच्या म्हशी उडायच्या, अजमतचे ट्रक जमिनीत मुळं सोडायचे, माझ्या नद्या उठून उभ्या राहायच्या. माणसं मात्र मी कधी काढली नाहीत. वर्गात जन्मभर माणसंच सांभाळली, म्हटलं चित्रात तरी निवांतपणा असू दे.

दर वर्षी उन्हाळा तोंडावर आला की पुखराजचं सरकीचं गोदाम रिकामं व्हायचं आणि तिथे आमचं प्रदर्शन भरायचं. खाली सरकीचा तेलकट वास, वर तापून टकटक वाजणारे पत्रे आणि मधे आमची चित्रं. एकदा धावड्याहून बाजाराला आलेले एक काका पुखराजच्या उडत्या म्हशीपुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “समदं ठीक हाये, पण हिचं दूध कसं काढावं?”

अजमत अजिबात न हसता म्हणाला, “खालून बालटी घेऊन पळायचं, काका. आमच्या पुखराजशेठला बिलकुल सवय हाये.”

काकांनी पुखराजकडे आदराने पाहिलं. त्या दिवशी आम्ही जे हसलो, तसं पुन्हा कधी हसलो असू असं वाटत नाही.

प्रदर्शन संपलं की आमचा एक कार्यक्रम असे. तिघांच्या पॅलेटवर उरलेला, सुकत आलेला रंग खरवडून एका डालड्याच्या डब्यात टाकायचा, त्यात जवसाचं तेल घालून घोटायचं. त्याचा होतो एक राखाडी, ना धड हिरवट, ना धड निळसर. आम्ही त्याला खरवडच म्हणायचो. पुढच्या वर्षीच्या प्रत्येक कॅनव्हासला पहिला हात या खरवडीचा. डबा कधी पूर्ण रिकामा करायचा नाही, विरजणासारखं थोडं मागे ठेवायचंच. म्हणजे वर चित्र कुणाचंही असो, खाली तिघेही असायचे. अजमत म्हणायचा, “एका ताटातलं खाल्लेले लोक हायेत आपण.”

२

करोनाच्या दुसऱ्या लाटेत अजमत गेला. संभाजीनगरच्या एका दवाखान्यात नेला तो परत आला नाही. दफनाला चार माणसं, तीही लांब उभी. गौहरभाभींना, त्याच्या बायकोला, त्याचं तोंडसुद्धा दाखवलं नाही. बांधलेलं गाठोडं त्यांनी दुरून पाहिलं.

त्यानंतर प्रदर्शन बंदच पडलं. आम्ही दोघं भेटलो की कापसाच्या भावावर बोलायचो, चित्रांचा विषय काढायचो नाही. यंदा पुखराजच म्हणाला, “बाई, आता वय होऊन राह्यलं. एक शेवटचं करू. अजमतच्या नावानं.”

डबा त्याने जपून ठेवला होता, पण आतली खरवड पार दगड झाली होती. नवी करायची तर तिघांचा रंग हवा. दोघांच्या रंगाची खरवड आमच्या हिशोबी खरवडच नव्हे. म्हणून मी शहागडला गेले.

अजमतचं दुकान म्हणजे तिन्ही बाजूंनी मोकळी पत्र्याची शेड आणि मागे एक विटांची भिंत. ट्रक पुढ्यात उभा करायचा, भिंतीला पाठ करून स्टुलावर बसायचं आणि रंगवायचं, अशी त्याची रीत. ब्रश पुसायचा झाला की न बघता हात मागे न्यायचा आणि भिंतीवर फिरवायचा. तीस वर्षं हेच केल्यामुळे भिंतीवर बोटभर जाड रंगाची साल चढली होती. डबे, ब्रश सगळं भाभींनी कुणाकुणाला देऊन टाकलं होतं, पण भिंत कोण नेणार?

“हेच घ्या, नंदाताई,” भाभी म्हणाल्या. “याच्याहून जास्त त्यांचं काय ऱ्हायलं?”

स्वयंपाकघरातलं उलथनं आणून त्यांनी स्वतः ती साल काढली. रंगाचे पापुद्रे ओढणीत झेलताना त्या मधेच थांबल्या. “सपनात येतात, पण तोंड दिसत न्हाई. पाठच दिसते. एकवार तोंड दिसलं असतं तर माझा जीव थंड झाला असता.”

मी त्यांच्या हातातून उलथनं घेतलं आणि उरलेली साल मीच काढली. खूप खोल गेले. विटा दिसू लागेपर्यंत.

३

यंदाचं माझं मोठं चित्र म्हणजे शहागडची गोदावरी. नदी पात्रातून उठून आभाळाला टेकली आहे, तिच्या पाण्यात ट्रक माशांसारखे पोहताहेत आणि खाली एक पांढरा रस्ता पार क्षितिजापर्यंत रिकामा गेला आहे. खाली त्या भिंतीची साल घालून घोटलेली नवी खरवड, वर माझे पातळ हात. मला स्वतःला ते आवडलं होतं, आणि असं मी क्वचित म्हणते.

पहिल्या दिवशी सकाळच्या गाडीने मी जालन्याला गेले आणि गोदामाचं शटर उघडून एकेका चित्रावरून ओला फडका फिरवू लागले. गोदावरीपाशी आले तर रस्त्याच्या अगदी टोकाला राखाडी ठिपका. माशी असेल म्हणून फडका मारला, हलली नाही. चष्मा वर करून जवळून पाहिलं. ठिपक्याला दोन पाय होते.

पुखराजला हाक मारली. “शेठ, माझ्या चित्रात चावटपणा कुणी केला?”

“मी कशाला करू?” तो जवळ आला, डोळे बारीक केले. “बाई, तुम्हीच काढलं असंन. विसरल्या.”

मी माणसं काढत नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही विषय सोडून दिला. मग पाहुणे आले, चहा आला आणि तो ठिपका मी दुपारपर्यंत विसरूनही गेले.

४

दुसऱ्या दिवशी तो मोठा झाला होता. आता शर्ट कळत होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. माणूस पाठमोरा होता.

मी मास्तरीण आहे. घाबरण्याआधी कारण शोधते. जुन्या तैलचित्रांत खालचा थर कधी कधी वर उमटतो, हे मीच मुलांना शिकवलं आहे. वरचा रंग पातळ, खालचा जाड, त्यात गोदामातली भट्टी. आलं असेल काहीतरी वर. राखाडी तर होतंच. मनाची समजूत पटली आणि मी डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली.

पण थर उमटतो तो असतो तिथेच उमटतो. तो रस्ता कापत नाही.

मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला, उद्या ताडून बघायला. तिसऱ्या दिवशी तो माणूस रस्त्याच्या मध्यावर आला होता. मी घाईने फोटो उघडला. फोटोतही तो मध्यावरच होता. आदल्या दिवशी मी कुठे पाहिला होता, याचा माझ्या डोक्याखेरीज काही पुरावा उरला नाही, आणि साठी उलटलेल्या बाईच्या डोक्यावर कोण विश्वास ठेवतो? मी स्वतःसुद्धा ठेवला नसता.

तेवढ्यात एका शाळेची मुलं आली. त्यांतली एक चुणचुणीत पोरगी चित्रापुढे थांबली. “टीचर, हा काका उलटा का चालून राह्यला?”

“उलटा कसा?”

“पाठ इकडं हाये ना त्याची. अन् येऊन तर इकडंच राह्यला.”

मी पाहिलं. टाचा आमच्याकडे होत्या. उचललेला पायही आमच्याच बाजूला पडणार होता. मी मुलांना पुखराजच्या म्हशीकडे पिटाळलं आणि खुर्ची ओढून बसले.

दुपारी गोदामात कुणी नसे. पत्रे तापले की टक, टक वाजायचे. वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज. त्या दुपारी मात्र तो छपरावरून न येता भिंतीच्या बाजूने येतोय असं वाटत होतं, आणि दोन आवाजांमधलं अंतर सारखं होतं, कुणी सावकाश पावलं टाकावीत तसं. पत्रा असा ताल धरून वाजत नाही. मी मोठ्याने भजन म्हणायला लागले. आवाज माझ्या भजनाच्या लयीत वाजू लागला, तेव्हा मी गप्प बसले.

५

गौहरभाभी आल्या त्या पुखराजनेच फोन केला म्हणून. अजमतच्या नावाचं प्रदर्शन, त्यांनी यायलाच हवं होतं. मला मात्र त्या यायला नको होत्या, कारण ती पाठ कुणाची ते मला एव्हाना कळलं होतं. वर्षानुवर्षं ब्रश उचलून उचलून अजमतचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता. चित्रातलाही उतरला होता.

भाभी अजमतच्या जुन्या चित्रांपुढे आधी थांबल्या, एकदोनदा डोळे पुसले. मग गोदावरीपाशी पोचल्या आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

“नंदाताई, हे तुम्ही काढलं?”

खोटं बोलायला हवं होतं. हो, मी काढलं, त्याची आठवण म्हणून काढलं, इतकं सोपं होतं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे ते जमलं नाही. “नाही, भाभी. आपोआप आलं.”

त्या घाबरतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या. लग्नातल्या फोटोत हसतात तशा, ओढणी तोंडाशी धरून. “इकडंच येऊन राह्यले ना?”

तेव्हापासून त्या रोज आल्या. सकाळच्या पहिल्या एसटीने शहागडहून यायच्या, चित्रापुढे खुर्ची टाकायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. लोक आले की बाजूला सरायच्या. लोक गेले की हळू आवाजात चित्राशी बोलायच्या. भाचीचं लग्न ठरलं, बोरवेलचं पाणी आटलं, दुकानाच्या शेडचे पत्रे वाऱ्याने उडाले. नवरा बाहेरगावाहून आल्यावर बायको सांगते तसं. मला ऐकून गलबलून यायचं. मलाही त्याला कितीतरी सांगायचं होतं.

आणि तो रोज जवळ येत होता. मानेवरचा घामाचा डाग, कॉलरची उसवलेली शिवण. मी हे काही काढलं नव्हतं. मला इतकं बारीक काढताही येत नाही.

पुखराजने दोन दिवस ताप आल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी शटरपर्यंत आला, आत पाऊल टाकलं नाही. माझ्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि रुंद ब्रश दिला.

“मारून टाका, बाई.”

“अजमत आहे तो, शेठ.”

“अजमत असता तर तोंडानं आल्ता,” पुखराज म्हणाला. “तो कधी कुणाकडं पाठ करून आल्ता का? आठवा बरं. दुरून हात करत येणारा माणूस तो.”

मला आठवलं. लांबूनच ओरडत यायचा, रस्ताभर लोक वळून बघायचे. मी डबा घेतला.

६

शेवटचा दिवस. दुपारी गोदामात मी आणि भाभी दोघीच. चित्रात आता ना नदी, ना ट्रक, ना रस्ता. कडेपासून कडेपर्यंत शर्टाची पाठ, वर मान आणि कान. अजून एक पाऊल मागे आला तर कॅनव्हासमध्ये मावणार नाही, इतका जवळ.

मी डब्याचं झाकण उघडलं. भाभी वळल्या आणि ब्रश पाहून त्यांनी माझा हात धरला. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. “ताई, मंग मी कव्हा पाहू?” एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या जागी मी असते तर ब्रश हिसकावून फेकून दिला असता. मी तो खाली ठेवला. मला तरी कुठे तो पुसायचा होता? सगळ्या भीतीच्या तळाशी एक हावरी आशा बसली होती की वळेल, आणि तोच असेल.

भाभी चित्राला चिकटून उभ्या राहिल्या. “तोंड दाखवा ना जी. एकवार.”

पत्र्यांचा आवाज थांबला. ऐन दुपारी, तापलेल्या गोदामात, एकदम. मला समोर बघवेना. मी पाठ फिरवली आणि तीच माझी चूक झाली, कारण समोरच्या भिंतीवर पुखराजचं काचेच्या फ्रेममधलं चित्र होतं. काचेत भाभींची ओढणी दिसत होती, आणि ओढणीच्या वर तो. वळलेला.

कान बरोबर होते. गालाची मागची कड बरोबर होती. मधलं सगळं चुकलं होतं. ज्याने एखाद्याची जन्मभर फक्त पाठ बघितली आहे, त्याने तोंड अंदाजाने काढावं तसं ते होतं. डोळे होते, पण ते कुठे असतात याची खात्री नसावी. ओठ होते, फार रुंद. शहागडची ती भिंत तीस वर्षं अजमतच्या पाठीमागे उभी होती, एवढं मला त्या क्षणी आठवलं. पुढचा विचार मी केला नाही.

आणि ते डोळे भाभींकडे बघत नव्हते. काचेतून माझ्याकडे बघत होते.

“या अल्लाह,” भाभी म्हणाल्या. “बराबर तेच. बिलकुल तेच.”

मी वळले तोवर त्यांनी चित्राभोवती दोन्ही हात टाकले होते. मला त्यांची ओढणी दिसली, आणि तिच्यामागे नुसता राखाडी रंग.

त्या इतक्या खुशीत होत्या की गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. चार वर्षं ज्या बाईचा जीव तडफडत होता, तिचा जीव माझ्यादेखत थंड झाला. तिला काय सांगू, की भाभी, तो अजमत नाही? तोंडाशी आलेलं मी गिळलं. चित्र त्यांनी मागितलं, मी दिलं. चादरीत गुंडाळून रिक्षात ठेवायला मीच मदत केली. धरताना कॅनव्हास मागच्या बाजूने कोमट लागला. ऊन होतं, असेल.

७

आज सकाळी भाभींचा फोन आला. आवाज पोरीसारखा फुललेला. चित्र खाटेसमोर लावलं आहे म्हणाल्या. जेवताना समोर बसतात. बहीण न्यायला आल्ती, पण आता घर सोडून कुठे जाववत नाही. दारही लावूनच घेतात, लोकांची नजर नको.

“भाभी, चार दिवस माझ्याकडे बदनापूरला या,” मी म्हणाले. “चित्र राहू द्या तिथेच.”

“कसं येऊ, ताई? आता तर बोलायला पण लागले.”

“काय बोलतात?”

“लई न्हाई. एकच इचारून राह्यले दोन दिवसांपासून. नंदाताईंनी त्या दिवशी माझं तोंड पाह्यलं का म्हणून.”

खिडकीबाहेर स्टेशनकडे जाणारी माणसं होती, ऊन होतं, भाजीवाली ओरडत होती. मी म्हणाले, “नाही म्हणून सांगा, भाभी. मी पाठ करून उभी होते.”

“तुम्हीच सांगा की,” त्या हसत म्हणाल्या. “थांबा, देते.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. ठेवायला हवा होता. बोट लाल बटणावर नेलंही होतं. पण चार वर्षं मी एकच गोष्ट मागत आले होते आणि ती आता कानाशी आली होती.

“बाई,” तिकडून हाक आली.

तोंड चुकलं होतं. आवाज मात्र तीस वर्षं ऐकलेला, अगदी तोच होता, तसूभरही फरक नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

“बोला, अजमतभाई,” मी म्हणाले.